बायबॅक भरायचाय? पार्ल्याच्या काकांकडे जा

पार्ले ईस्टला स्टेशनजवळ एक जुनं शेअर ब्रोकरच्या एजंटचं ऑफिस आहे, दोन टेबलं आणि एक काका, बस. बायबॅकचा, म्हणजे कंपनी स्वतःचेच शेअर आपल्याकडून परत विकत घेते त्याचा, फॉर्म भरायचा असेल तर खरंच इथे जा.

2023 ला टीसीएसचा 17,000 कोटींचा बायबॅक आला, भाव 4150 आणि बाजारात शेअर साडेतीन हजाराच्या आसपास, मी म्हटलं माझे 24 आहेत, शेअरमागे साडेसहाशे सुटतील, अजून थोडे घेऊन टाकू. काकांनी थांबवलं. अहो ताई कंपनी सगळे घेत नाहीये, एकूण शेअरच्या जेमतेम 1.12 टक्के घेतेय, रेकॉर्ड डेटला, म्हणजे शेअर कोणाकडे आहेत ते कंपनी बघते त्या दिवशी, 2 लाखांपर्यंतचे शेअर असणाऱ्यांना 15 टक्के राखीव म्हणून तुम्हाला सहाला एक तरी हक्काचा, उरलेले परत येणार आणि त्यांना बाजारभावच. तसंच झालं, 6 गेले, 18 परत डिमॅटला.

मग पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं की शेअर 1 टक्क्याने कमी झाले तर ईपीएस, म्हणजे शेअरमागचा नफा, पण तेवढाच वाढणार, वर कंपनीची कॅश गेली ती वेगळीच. घोषणेनंतर भाव उडतो तो बराचसा प्रीमियमच्या, म्हणजे बाजारभावावर मिळणाऱ्या जास्तीच्या पैशाच्या आशेने, रेकॉर्ड डेटनंतर घेणाऱ्याला हक्कच नाही मग ती आशा भावातून निघून जाते. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं!

अमेरिकेतली बायबॅकची डच ऑक्शन पद्धत पण त्यांनीच समजावली. कंपनी भावाची रेंज देते, आपण कितीला सोडणार ते आपण सांगायचं, खालून मोजत जिथे हवे तेवढे शेअर पुरे होतात तोच भाव सगळ्यांना, त्याच्यावर मागणाऱ्यांचे परत. रेंजच्या वरच्या टोकाला भाव ठरला तर लोक स्वस्तात सोडायला तयार नाहीत असा अर्थ, शेअरला आधार मिळतो.

2025 च्या इन्फोसिसला मात्र ह्यांना भरूच नका म्हणाले. तेव्हाच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून बायबॅकचा पैसा डिव्हिडंड धरला जायला लागला होता, ह्यांचा टॅक्स स्लॅब 30 टक्के, म्हणजे शेअरमागे 1800 मधले 540 तरी टॅक्सलाच, हातात फार तर 1260, बाजारात त्याहून जास्त मिळत होते. शेअरची खरेदी किंमत कॅपिटल लॉस म्हणून पुढे ओढता यायची, पण तो वळता करायला दुसऱ्या शेअरचा नफा हवा ना. स्वतःचं काम जात असताना असं सांगणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही.

बसायला जागा कमी आहे, सकाळी बाजार उघडायच्या आत जा.