९२ हजार किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचं ऑइल

आमची २०१० ची आय-टेन ऑटोमॅटिक. सकाळी 'डी'त टाकली की हलका झटका द्यायची. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं, "आता ऑइल बदलू नका, नवीन ऑइलने गिअरबॉक्स बंद पडेल." हे ऐकून दोन वर्षं गप्प बसलो.

शेवटी कोथरूडच्या एका गल्लीतल्या छोट्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी आधी डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. ऑइल तपकिरी होतं, पण करपल्याचा वास नव्हता, धातूचा चुराही नव्हता. "क्लच जळालेले असते तर मीही नको म्हणालो असतो, काका." मशीनने फ्लश करायला, म्हणजे दाबाने सगळं जुनं ऑइल ढकलून काढायला, मात्र साफ नकार. नुसतं खालून काढायचं आणि तेवढंच एसपी-थ्री (या गिअरबॉक्सला लागणारं ऑइल) भरायचं. टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागातलं) जुनं तसंच राहतं, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पातळी इंजिन गरम आणि चालू ठेवून तपासली.

दोन्ही खेपा झाल्या. झटका बराच कमी झालाय, पूर्ण गेला नाही. तासाभराचं काम म्हणाले आणि साडेतीन तास बसवलं, त्याचा रिव्ह्यूत एक तारा कापतोय. चहा मात्र दोनदा पाजला.