पात्रं तरी तुमची कुठे आहेत?

नोकरी सांभाळून रात्री स्वतःची चित्रं काढणाऱ्या, फॅन आर्ट करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतली आवडती पात्रं आपल्या हाताने रंगवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. माझे 18,500 रुपये गेले, दीड वर्षाचं काम दुसऱ्याच्या नावावर विकलं गेलं. पण सगळ्यात जास्त टोचतात ते नंतरचे चार महिने, ज्यांत मी तोंड उघडलं नाही.

मी सावंतवाडीकडची, नोकरी पुण्यात. दिवसभर ॲपचे स्क्रीन डिझाइन करायचे, रात्री जेवणं आटोपली की टॅब्लेट काढायचा. सावंतवाडीच्या राजवाड्यात रंगवले जाणारे गोल गंजिफा पत्ते मी लहानपणापासून पाहत आले. दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात. दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी या कलेला पुन्हा उभं केलं, म्हणून ती माझ्या पिढीला बघायला तरी मिळाली. दुसरीकडे शाळेपासून मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं वेड. ही दोन्ही प्रेमं एकाच गोल पत्त्यात आणायची, एवढाच माझा हट्ट होता. चार अवतारांचे 48 पत्ते केले. राजा-प्रधान मिळून आठ पत्त्यांवर मांगामधली पात्रं, उरलेल्या चाळीस पत्त्यांवर नुसती चिन्हं आणि वेलबुट्टी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चित्रं इन्स्टाग्रामवर टाकत होते. तिथे एकाचा मेसेज आला. "ताई, हे पत्ते लोकांच्या हातात जायला पाहिजेत. छपाई मी बघतो, मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत स्टॉल माझे असतात, खर्च निम्मा-निम्मा." 200 संच, 350 जीएसएमचा जाड कागद, मॅट लॅमिनेशन आणि गोल कापायची डाय, मिळून 37,000. नारायण पेठेत मी आधी चौकशी केली होती, तिथला दरही जवळपास हाच होता. त्यामुळे माणूस धंद्यातला वाटला. त्याने कुरियरने दोन नमुना पत्तेही पाठवले. कापणी स्वच्छ, रंग नेमके. ते हातात घेतल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरं सांगते.

मग त्याने ओपन फाइल मागितली, सगळ्या लेयरसकट, म्हणजे चित्राचे सगळे थर सुटे असलेली मूळ फाइल. म्हणे ब्लीड लावायचं आहे. इथे नीट थांबा. ब्लीड म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर सोडलेला तीनेक मिलिमीटरचा रंग. तो आपणच सोडून 300 डीपीआयची पीडीएफ दिली की छापखान्याचं काम भागतं, लेयर लागत नाहीत. आठ वर्षं डिझाइनमध्ये असून मी ते पाठवले. माझी सही वेगळ्या लेयरवर होती, ती काढायला एक क्लिक पुरे.

पैसे यूपीआयने मागितले. ॲपमध्ये नंबर टाकला तर वर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "वहिनीचं खातं आहे ताई, माझ्या खात्याची लिमिट संपली." ते नाव मी दोनदा वाचलं. मनात चुकचुकलं, तरीही पिन टाकला. जीएसटीचं बिल मागितलं तेव्हा "माल निघाला की देतो" हे उत्तर मिळालं होतं.

त्यानंतर डाय चुकीची आली, मग गणपती, मग लॅमिनेशनवाला गावी गेला, मग दिवाळी. डिसेंबरात ठाण्याच्या मैत्रिणीने एका प्रदर्शनातून फोटो पाठवला, "अगं, तुझे पत्ते इथे आहेत, सांगितलं नाहीस!" प्लास्टिकच्या डबीत संच, किंमत 599, नाव दुसरंच. मी फोटो मोठा करत गेले. कासवाच्या पंजीवर वेलीचं तिसरं पान उलटं वळलेलं. ते पान काढताना आजीचा फोन आला होता आणि चूक तशीच राहून गेली होती. माझी सही गायब होती, उलटं पान मात्र जागच्या जागी.

त्याला फोन केला. आवाज जराही चढवला नाही त्याने. "ताई, तक्रार करा ना. पण पात्रं तरी तुमची कुठे आहेत? त्या जपानी कंपनीला मी कळवलं तर केस कोणावर होईल?"

मी गप्प बसले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. चोर तो आणि लपून मी बसलेली, असे चार महिने गेले. फॅन आर्ट करणाऱ्याच्या मनातली ही भीती त्याला पक्की ठाऊक होती. तेच त्याचं भांडवल.

शेवटी मावशीच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पत्ते टेबलावर मांडले आणि दोन ढीग केले, आठ आणि चाळीस. "या आठांवरची पात्रं तुझी नाहीत, ते विकायला तुलाही परवानगी लागली असती. हे चाळीस नखशिखांत तुझे." कॉपीराइट चित्र काढल्याक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. ती करायची तर कलाकृतीला सरकारी फी साधारण 500 रुपयांपासून सुरू होते. आणि छपाईच्या नावाखाली पैसे उकळणं ही सरळ फसवणूक आहे, पत्त्यावर कोणाचं चित्र आहे याचा तिथे संबंधच नाही. ही एक ओळ मला डिसेंबरात कोणी सांगितली असती तर!

तक्रार दिली. तारखांसकट कच्ची रेखाटनं, मूळ फाइली, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळं जोडलं. चाळीस पत्त्यांच्या जोरावर एका ऑनलाइन दुकानातून संच काढायला लावला. पैसे मात्र मिळालेले नाहीत. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी कितीतरी महिन्यांनी गेले, तोवर ते खातं रिकामं होतं.

गेल्या आठवड्यात तोच प्रकार पुन्हा दिसला. नवं नाव, तीच भाषा, एका कॉलेजच्या मुलीच्या चित्रांखाली "ताई, हे लोकांच्या हातात जायला पाहिजे". मी तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "काल रात्रीच 9,000 पाठवले. पण ती माझी फॅन आर्ट आहे, मी तक्रार कशी करू?" मी तिला तिथल्या तिथे फोन लावला आणि 1930 वर तिचा नंबर लागेपर्यंत दुसऱ्या फोनवर तिच्याशी बोलत राहिले. तिची ओपन फाइल अजून तिच्याकडेच आहे.