पीव्हर: संगमरवराचा तुकडा की पॉलिशची डबी?
ग्लासगोच्या मुली पदपथावर खडूने चौकटी आखून, लंगडी घालत, एका पायाने जी चपटी वस्तू पुढे सरकवत, तिला स्कॉट्स बोलीत ‘पीव्हर’ म्हणतात. आपल्या खेळातली ठिकरीच ती. पीव्हर संगमरवराचा असे किंवा बुटाच्या पॉलिशच्या डबीचा. संगमरवर जड असल्याने हव्या त्या चौकटीत थांबे, पण आपटला की टवका उडे आणि तो मिळण्यासाठी पाथरवटाकडचा एखादा उरलेला तुकडा हाती लागावा लागे. डबी मिळणे सोपे. मात्र रिकामी डबी हलकी म्हणून भलतीकडेच जाई, त्यामुळे मुली तीत माती ठासून झाकण घट्ट बसवत आणि मग ती फरशीवर छान घसरे. नेमकेपणात संगमरवर सरस असला, तरी रोजच्या खेळाला मी डबीच निवडेन, कारण हरवली तरी दुसरी मिळते.