डाग हळदीचा की रक्ताचा, त्यावर ठरतो साबण

कपड्यांच्या साबणाच्या प्रत्येक पुडक्यावर लिहिलेलं असतं की कसलाही डाग जाईल. तसा साबण कुठल्याच कंपनीकडे नाही. मळ कापडाच्या वरवर बसतो आणि तो कुठल्याही पावडरीने निघतो. डाग धाग्याच्या आत शिरतो, आणि हळद, रक्त, चहा, तेल, गंज यांतलं प्रत्येक वेगळ्या कारणाने चिकटून राहतं. म्हणून विकत घेताना पुडकं उलटं करून मागची घटकांची यादी वाचायची. एन्झाइम (प्रथिनांचे डाग फोडणारे घटक) आहेत का, ऑक्सिजन ब्लीच (चहासारख्या डागांचा रंग घालवणारा घटक) आहे का, एवढ्या दोन गोष्टी कळल्या तरी पुरे.

निरमा, घडी, व्हील या स्वस्त पावडरींचा जोर ॲसिड स्लरीपासून बनणाऱ्या डिटर्जंटवर आणि धुण्याच्या सोड्यावर असतो. पायपुसणी, चादरी, शेतातले किंवा वर्कशॉपमधले कपडे यांना त्या उत्तम, आणि तिथे महाग पावडर वापरणं म्हणजे पैसे पाण्यात. सोड्यामुळे हाताची कातडी मात्र कोरडी पडते. चिखलाच्या डागाला साबणाआधी धीर लागतो: चिखल पूर्ण वाळू द्यायचा, कोरड्या ब्रशने झाडायचा आणि मगच कपडा भिजवायचा. ओला चिखल चोळला की बारीक माती धाग्यात खोल जाते.

सर्फ एक्सेल किंवा एरियलचे जास्तीचे पैसे मुख्यतः एन्झाइमसाठी जातात. रक्त, दूध, अंडं, घाम या प्रथिनांच्या डागांना खरं उत्तर तेच. पण त्यांना वेळ द्यावा लागतो. अर्धी बादली (8 ते 10 लिटर) कोमट पाण्यात 2 टेबलचमचे पावडर आधी पूर्ण विरघळवायची आणि कपडा किमान 30 मिनिटं भिजत ठेवायचा, डाग जुना असेल तर 2 तास. पाण्यात हात सहज ठेवता यावा इतपतच ते गरम असावं. उकळतं पाणी ओतलं की एन्झाइम निकामी होतात. पाच मिनिटांत बुचकळून काढलं तर महाग आणि स्वस्त पावडरीत फारसा फरक दिसत नाही; ‘एवढी महाग पावडर आणली तरी डाग तसाच’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

रक्ताला सुरुवातीला फक्त थंड पाणी. कोमटसुद्धा नको, कारण उष्णतेने प्रथिन साकळून धाग्याला धरतं. नळाखाली उलट्या बाजूने धार सोडावी, लाल पाणी यायचं थांबलं की एन्झाइमवाल्या पावडरीचा घट्ट लेप 30 मिनिटं लावून ठेवावा. पांढऱ्या सुती कपड्यावर तरीही खूण उरली तर मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने टाकायचं. फेस थांबला की धुऊन टाकायचं.

आता हळद. आमटी, मिसळीची तर्री, लोणचं, सगळ्यांत तिचा रंग तेलात विरघळलेला असतो. त्यामुळे आधी तेल काढायचं, रंगाचं नंतर पाहायचं. कोरड्या कपड्यावरच भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून बोटाने हलकेच चोळावं, 10 मिनिटांनी धुवावं. कपडा आधी ओला केला तर लिक्विड पातळ होऊन तेलापर्यंत नीट पोचत नाही. मग नेहमीची पावडर. इथे डाग एकदम लालभडक होतो आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही: साबणाच्या अल्कलीने हळदीचा रंग बदलतो, एवढंच. त्यावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा होतो, म्हणून लिंबाने हळद जाते असं वाटतं. जात काहीच नाही, फक्त रंग पालटतो. उरलेली हळद खरी घालवतं ते ऊन. साबण खळबळून काढायचा आणि कपडा ओला असतानाच डागाची बाजू थेट उन्हाकडे करून वाळत घालायचा. सुती पांढरा कपडा दोन-तीन दिवसांत साफ होतो. गडद रंगाचे कपडे मात्र दोन तासांत काढावेत, नाहीतर हळदीबरोबर त्यांचा रंगही उडतो.

चहा, कॉफी, जांभूळ हे वनस्पतींच्या रंगांचे डाग. चहाला तेलापासून बनवलेल्या साबणाच्या वडीने घासू नये, डाग पक्का बसतो. इथे डिटर्जंट, आणि त्याच्या सोबत व्हॅनिशसारखी ऑक्सिजन ब्लीचची पावडर. तिच्यातलं सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. थंड पाण्यात ते फार सावकाश चालतं. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये गार पाण्यावर तशीच टाकली तर तिचा निम्मा गुण वाया गेला म्हणायचा. लिटरभर 45-50 अंशांच्या पाण्यात 2 छोटे चमचे विरघळवून डागाचा भाग तासभर त्यात बुडवून ठेवावा. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून पाहावा. या वर्गातली पावडर घरात असायलाच हवी असं आमचं स्पष्ट मत आहे. महिन्याला थोडीच लागते.

रिन आलासारखं क्लोरीनचं ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांसाठी. काखेतल्या घामाच्या पिवळेपणावर ते लावलं तर पिवळेपणा वाढतो, आणि गंजाचा डाग आणखी पक्का होतो. गंजावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात तासभर ठेवावं आणि धुवावं, दोन-तीनदा. ब्लीच आणि लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नये, विषारी वायू सुटतो.

उजाला किंवा नीळ डाग काढत नाही. ती पिवळेपणा नजरेआड करते, आणि ते कामही चोख करते. डाग निघायच्या आधी मात्र नीळ घालू नये.

लिक्विड की पावडर? तेलकट कॉलरला लिक्विड सरस, कारण थेट डागावर लावता येतं आणि गडद कपड्यांवर पांढरे कण राहत नाहीत. लिक्विडमध्ये ऑक्सिजन ब्लीच सहसा नसतं, म्हणून पांढऱ्या कपड्यांना पावडरच बरी. फ्रंट लोड मशीनला तिच्यासाठीचीच कमी फेसाची पावडर घालायची. फेस जास्त झाला की कपडे ड्रममध्ये आपटत नाहीत, फेसाच्या गादीवर नुसते तरंगतात.

बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी क्षारांशी मिळून चिकट थर धरते आणि कपडे करडे पडतात. तिथे निळ्या डिटर्जंट बारला पर्याय नाही. पावडरीच्या आधी बादलीत 1 टेबलचमचा धुण्याचा सोडा घालून 10 मिनिटं थांबलं तर पावडरही कमी लागते.

रेशीम आणि लोकर स्वतःच प्रथिनं आहेत, म्हणून एन्झाइमची पावडर, सोडा आणि ब्लीच तिन्ही त्यांना वर्ज्य. लोकरीला ईझी हे सौम्य लिक्विड. साध्या रेशमाला ईझी किंवा रिठ्याचं पाणी चालतं, पैठणी थेट ड्रायक्लीनला.

केळीचा चीक वाळून काळपट झाला की यांतलं काहीही तो पूर्ण काढत नाही. ऑक्सिजन ब्लीचने फिका होतो, तेवढंच. ही पावडर पावसाळ्यात दमट होऊन तिचा जोर जातो, तेव्हा घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी. पाण्यात कालवलेलं उरलं तर मात्र ओतून टाकावं. बंद बाटलीत भरून ठेवलं तर त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते.