रोज ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल येत होता, बॅकअप मात्र होतच नव्हता

कंपनीच्या मेल सर्व्हरचा बॅकअप बाहेरच्या संस्थेकडे सोपवलेला असेल किंवा सोपवण्याचा विचार असेल, तर हा अनुभव अवश्य वाचावा, अशी कळकळीची विनंती आहे. त्या संस्थेचे नाव देत नाही; मात्र आम्हाला ज्या रीतीने फसवले गेले ती रीत साधी आणि बेमालूम होती, आणि ती कोणालाही कुठेही वापरता येईल.

आमचा सर्व्हर एक्सचेंजचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रणालीचा आहे. एकच जोडपत्र अनेकांना गेले तरी त्याची एकच प्रत ठेवण्याची सोय एक्सचेंज 2010 मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे मोठे जोडपत्र पन्नास जणांना गेले की डेटाबेसमध्ये ते पन्नासदा साठते. डेटाबेस असा फुगत गेला आणि रात्री सुरू केलेला पूर्ण बॅकअप सकाळी लोक कामावर आले तरी संपेना. त्या सुमारास या संस्थेने प्रस्ताव दिला: आठवड्यातून एकदा पूर्ण बॅकअप, मधल्या काळात दर तासाला इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेल्या भागाचाच बॅकअप), सारखे तुकडे एकदाच साठवणारे डीडुप्लिकेशन आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. योजनेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. आजही कोणी विचारले तर मी जवळपास हीच रचना सुचवेन, आणि म्हणूनच ही फसवणूक ओळखणे अवघड होते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यांनी खरोखरच पूर्ण बॅकअप घेतला आणि त्यातून एक मेलबॉक्स आमच्या डोळ्यांदेखत परत आणून दाखवला.

त्यानंतर एजंट (बॅकअप घेणारा त्यांचा प्रोग्राम) बसवण्यासाठी त्यांनी रात्री थोडा वेळ डेटाबेस बंद करण्याची परवानगी मागितली. खरी गोम या मागणीत होती, तिच्याकडे पुढे येते.

दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे अहवालाचा मेल येऊ लागला. त्यात हिरवी खूण, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, एकूण आकार आणि डीडुप्लिकेशनमुळे वाचलेली जागा, असे सर्व काही होते. पुढे नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा जुना पत्रव्यवहार एका वादात पुरावा म्हणून लागला. त्यांचा मेलबॉक्स काढून टाकलेला होता, आणि एक्सचेंज असा मेलबॉक्स मुळातल्या सेटिंगनुसार 30 दिवसच सांभाळतो. ती मुदत उलटून गेली होती. आम्ही बॅकअपमधून तो परत मागितला. “मॅडम, डेटा ऑफसाइट आहे, खाली उतरवायला वेळ लागेल,” असे त्यांच्या अभियंत्याने सांगितले. मग तिकीट वरिष्ठांकडे गेले, मग लिंकचा वेग कमी निघाला, मग संबंधित माणूस रजेवर गेला. अखेर फाइल हाती आली. आम्ही ती रिकव्हरी डेटाबेस (बॅकअपमधला डेटा उघडून पाहण्यासाठीचा वेगळा डेटाबेस) म्हणून जोडली, तेव्हा कोणत्याही मेलबॉक्समधला शेवटचा मेल प्रात्यक्षिकाच्या दिवसाचाच होता. त्यानंतरचे काहीही त्यात नव्हते.

सर्व्हर तपासल्यावर टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, एक छोटी स्क्रिप्ट सापडली. ती आदल्या दिवशीच्या आकारात ठरावीक आकडा मिळवायची, तयार साच्यात तारीख भरायची आणि मेल पाठवून द्यायची. जुने अहवाल ओळीने मांडले तेव्हा सुट्टीच्या दिवशी, कार्यालयात चिटपाखरू नसतानाही, बॅकअप कामाच्या दिवसाइतकाच वाढलेला दिसला.

आता त्या रात्रीच्या मागणीकडे येते. एक्सचेंज प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये लिहितो. 2007 च्या आवृत्तीपासून प्रत्येक लॉग फाइल 1 एमबीची असते. व्हीएसएसच्या (चालू डेटाची प्रत घेऊ देणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) मार्गाने बॅकअप नीट पूर्ण झाला की गरज संपलेल्या लॉग फाइल पुसल्या जातात. बॅकअप होत नसेल तर त्या साचत जातात, डिस्क भरते, शेवटी डेटाबेस डिसमाउंट होतो, म्हणजे बंद पडतो, आणि सगळ्या कंपनीला कळते. हा त्रासदायक वाटणारा प्रकार म्हणजे खरे तर प्रामाणिक धोक्याची घंटा आहे. या लोकांनी सर्क्युलर लॉगिंग चालू केले, म्हणजे जुने लॉग बॅकअपची वाट न पाहता आपोआप जाऊ लागले. हे सेटिंग लागू होण्यासाठी डेटाबेस एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तेवढ्यासाठीच ती परवानगी हवी होती. महत्त्वाचे हे की सर्क्युलर लॉगिंग चालू असताना एक्सचेंजचा इन्क्रिमेंटल बॅकअप घेताच येत नाही. दर तासाच्या इन्क्रिमेंटलचे पैसे घ्यायचे आणि ते अशक्य करणारे सेटिंग स्वतःच्या हाताने लावायचे, याला चूक म्हणता येत नाही. साठवणुकीचा सगळा खर्च वाचवून शुल्क घेत राहण्यासाठी जाणूनबुजून केलेली ही लबाडी होती.

ज्यांचा एक्सचेंज सर्व्हर आहे त्यांनी आजच गेट-मेलबॉक्सडेटाबेस ही आज्ञा स्टेटस पर्यायासह चालवावी. शेवटचा पूर्ण बॅकअप आणि शेवटचा इन्क्रिमेंटल कधी झाला हे तेथे डेटाबेस स्वतः सांगतो, विक्रेता नव्हे. आमच्याकडे पूर्ण बॅकअपची तारीख प्रात्यक्षिकाची होती आणि इन्क्रिमेंटलचा रकाना कोरा. सर्क्युलर लॉगिंग चालू आहे की बंद, हेही त्याच आज्ञेने कळते. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ईएसईची (एक्सचेंजच्या डेटाबेस इंजिनाची) 224 क्रमांकाची नोंद लॉग पुसल्याचे दाखवते; तिची वेळ अहवालातल्या वेळेशी जुळवून पाहावी. लिनक्सवर डव्हकॉट हा मेल सर्व्हर आणि मेलडिर ही साठवणुकीची पद्धत असेल तर पडताळणी आणखी सोपी आहे, कारण प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते आणि कालचा कोणताही एक मेल बॅकअपमध्ये आहे का, हे थेट उघडून पाहता येते.

मेलने येणाऱ्या अहवालावर विसंबणे तर कोणतीही लबाडी नसतानाही घातक ठरते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा पीजी-डम्प या बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामच्या न जुळणाऱ्या आवृत्तीमुळे रोजचा बॅकअप होतच नव्हता आणि अपयश कळवणारे मेल डीमार्क या बनावट मेल रोखणाऱ्या नियमामुळे नाकारले जात होते, असे त्यांनी स्वतःच जाहीर केले. आमच्या बाबतीत तर अहवाल लिहिणाराच फसवणारा होता.

आता आमच्याकडे दर महिन्याला एक मेलबॉक्स आम्ही निवडतो, तोही आयत्या वेळी, आणि पुरवठादाराचा माणूस हजर नसताना तो रिकव्हरी डेटाबेसमध्ये उतरवून ताजे मेल उघडून पाहतो. बॅकअपच्या साठ्याचे पासवर्ड आमच्या ताब्यात आहेत आणि सर्व्हरचे कोणतेही सेटिंग आमच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी एक कलम मात्र नीट वाचावे. आमच्या करारात नुकसानीची जबाबदारी भरलेल्या शुल्काच्या मर्यादेतच राहील असे लिहिलेले होते आणि ‘सेवा पुरवली’ याचा पुरावा म्हणून रोजचा अहवाल ग्राह्य धरला होता. तक्रार केल्यावर त्यांनी तेच अहवाल आमच्यापुढे ठेवले. आमच्या नव्या करारात सेवेचा पुरावा म्हणजे यशस्वी रिस्टोर (बॅकअपमधून डेटा परत आणणे), आणि तो झाल्याशिवाय त्या महिन्याचे बिल मंजूर होत नाही.