देशभर स्मार्ट मीटर: ब्रिटनसारखे बसवायचे की जर्मनीसारखे?

स्मार्ट मीटरचा विषय निघाला की चर्चा लगेच किंमत आणि नेटवर्कवर जाते, पण मला विचाराल तर आधी एकच गोष्ट बघा, लांबून वीज तोडायची सोय कुणाच्या हातात आहे? बऱ्याच मीटरमध्ये आतच रिले (लांबून चालवता येणारा स्विच) असतो, एका मेसेजवर घराची वीज बंद. आता लाखो घरं एकदम बंद झाली किंवा बंद करून एकदम चालू केली तर ग्रिडचीच (सगळ्या वीज जाळ्याची) फ्रिक्वेन्सी हलते, म्हणजे ज्यांच्या घरी जुना मीटर आहे तेही त्यात सापडतात. केंब्रिजचे सुरक्षा संशोधक रॉस अँडरसन यांनी 2010 मध्येच हा धोका मांडला होता.

ब्रिटनने वीज कंपन्या आणि मीटर यांच्या मध्ये एकच कंपनी बसवली, डीसीसी, आणि सगळे मेसेज तिच्यातूनच जातात. सगळं एका जागी म्हटल्यावर भीती वाटते, पण आतलं डिझाइन खरंच विचार करून केलंय (जीसीएचक्यू ही त्यांची गुप्तचर संस्था त्यात होती). वीज तोडायची कमांड असेल तर तिच्यावर वीज कंपनीची डिजिटल सही लागते, वर डीसीसीचा वेगळा कोड लागतो, आणि दोन्ही बरोबर असल्याशिवाय मीटर ऐकतच नाही. म्हणजे एकट्या डीसीसीत किंवा एकट्या वीज कंपनीत कुणी घुसलं तरी तेवढ्यावर भागत नाही. शिवाय किती कमांड जाऊ शकतात याची मर्यादा आधीच ठरलेली असते, त्याच्या वर गेल्या की अडवून ठेवतात आणि खातरजमा झाल्यावरच सोडतात. मला यातलं हेच सगळ्यात जास्त पटतं, कारण कधीतरी कुणीतरी आत घुसणारच हे धरून ते बनवलंय.

पण त्यांनी घाई केली. पहिल्या पिढीचे मीटर प्रत्येक कंपनीने आपापल्या सिस्टिमवर बसवले, मग ग्राहकाने कंपनी बदलली की कितीतरी मीटर नुसते आकडा दाखवणारे होऊन बसले आणि नंतर ते डीसीसीवर आणायचं मोठं काम होऊन बसलं.

जर्मनीचं उलट. तिथे मीटर वेगळा आणि गेटवे (मीटरला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा डबा) वेगळा, आणि सगळी सुरक्षा त्या गेटवेत. बाहेरून कुणी त्याच्याशी थेट कनेक्शन करू शकत नाही, फार तर सही केलेला 'जागा हो' मेसेज पाठवायचा, मग कनेक्शन गेटवेच आतून लावतो. कुणाला कोणता डेटा द्यायचा तेही गेटवेतच ठरतं, म्हणून प्रायव्हसीत जर्मनी सरळ पुढे. कारखान्यातून घरापर्यंत गेटवे न्यायचा तरी सुरक्षित वाहतुकीचे नियम आहेत. पण वेळ केवढा गेला बघा, कायदा 2016 चा, पहिला गेटवे सर्टिफाय झाला डिसेंबर 2018 मध्ये, 2021 मध्ये कोर्टात अडकलं आणि 2023 मध्ये कायदा बदलून पुन्हा वेग द्यावा लागला. शिवाय सक्ती मुख्यतः वर्षाला 6000 युनिटच्या वर वापर असणाऱ्यांवर.

प्रत्येक वीज कंपनीने आपलं आपण बघायचं हा तिसरा रस्ता आहे, पण तो मी सुचवणार नाही. 2014 मध्ये स्पेनमध्ये दोन संशोधकांनी मीटर उघडून चिपमधून की (मेसेज उघडायची गुप्त डिजिटल किल्ली) काढली, तर तीच की इतर मीटरमध्येही वापरलेली निघाली.

तर थोड्या वर्षांत घरोघरी मीटर पोचवायचे असतील तर ब्रिटनचा आराखडा घ्या, फक्त मधली यंत्रणा तयार होईपर्यंत एकही मीटर लावू नका. सुरुवात मोठे ग्राहक, सोलर आणि गाड्यांच्या चार्जिंगपासून करायची असेल आणि हाताशी वेळ असेल तर जर्मनीचा गेटवे चांगला. दोन्हीकडे टेंडरमध्ये एवढं लिहून घ्याच: प्रत्येक मीटरची की वेगळी, आणि की, फर्मवेअर (मीटरमधलं सॉफ्टवेअर) आणि एन्क्रिप्शनची पद्धत, तिन्ही लांबून बदलता आली पाहिजेत, कारण मीटर भिंतीवर दहा-पंधरा वर्षं तरी राहणार आहे.