तांबट आळीतला मठारकामाचा वर्ग

पुण्याच्या कसबा पेठेतून तांबट आळीकडे वळले की दुकाने दिसण्याआधी ठोके ऐकू येतात. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन येथे स्थिरावलेल्या तांब्याची भांडी घडवणाऱ्या त्वष्टा कासारांच्या या वस्तीत, चार रविवार चालणाऱ्या मठारकामाच्या, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके देण्याच्या, एका वर्गाला मी नुकतीच जाऊन आले. जाहिरातीत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हे शब्द तांब्यापेक्षा ठळक छापले होते, त्यामुळे जाताना मी काहीशी साशंकच होते.

पहिल्या रविवारचा जवळजवळ तासभर आयोजकांच्या ताणमुक्तीवरील भाषणात गेला. तो वेळ शिकवणाऱ्या कारागीर काकांच्या वाट्याला यायला हवा होता.

मठारकाम म्हणजे घडवलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके देत जाणे. त्याने तांब्याला झळाळी येते, आणि ठोक्यांनी धातू कडक होत असल्यामुळे भांडे सहजी चेपत नाही. नवशिक्याचा हात ठोक्यागणिक पुढे सरकतो. प्रत्यक्षात हातोडी एकाच जागी पडायला हवी आणि आतल्या लोखंडी आधारावर भांडे डाव्या हाताने हळूहळू फिरायला हवे. एवढे अंगवळणी पडायला मला दोन रविवार लागले. ठोका आधारावर नेमका बसला की खणखणीत वाजतो, चुकला की भद्द. काका दुसऱ्या कोणाचे भांडे पाहत असतानाही मान न वळवता म्हणायचे, “ताई, हात पळतोय तुमचा. भांडं फिरवा.”

तिसऱ्या रविवारी माझ्या वाटीच्या काठाजवळ एक ठोका तिरका बसला. तो लपवण्यासाठी मी आजूबाजूला जोरजोरात ठोकले आणि सगळी ओळच बिघडवली. कार्यालयातही चूक झाली की मी नेमके हेच करते, हे त्या क्षणी लख्ख दिसले. तासभराच्या भाषणाने जे साधले नव्हते ते त्या एका ओळीने साधले. काकांनी वाटी दुरुस्त करून दिली नाही. “राहू द्या, पुढची ओळ नीट लावा,” एवढेच म्हणाले.

उणिवा आहेतच. दहा जणांमागे एकच कारागीर पुरत नाही, कानात घालायला साधा कापूसही दिला जात नाही, आणि पत्रा तापवून मऊ करण्याचे काम केवळ लांबून दाखवतात. तरीही वर्ग करण्याजोगा आहे; मात्र चारही रविवार मोकळे असतील तरच नाव नोंदवावे. एखादा चुकवला तर हाताची लय तुटते. वाटी आता घरी आहे. चिंचेने घासली की ती बिघडलेली ओळ आणखीच उठून दिसते.